पुढे कोणी आहे का?

दवाखान्यात माझं काम फोनचं. दर सोमवारी सकाळी प्रिंटरमधून एक यादी निघते. ज्यांच्या तपासणीत डॉक्टरांना काही शंका आली, त्यांची ती नावं. मी एकेकाला फोन लावायचा आणि म्हणायचं, "पुन्हा एकदा दाखवून जा, घाबरण्यासारखं काही नाही." बावीस वर्षं हेच वाक्य बोलतोय. ते ऐकून न घाबरलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

म्हणून बाइंडर मला 'टेलिफोन' म्हणायचा. "काय टेलिफोन, आज किती जणांच्या पोटात गोळा आणलास?"

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. दवाखान्याची सगळी रजिस्टरं तोच बांधायचा. मी आधी शिपाई होतो आणि मला वाचता येत नव्हतं. रजिस्टरं आणायला गेलो की तो रद्दी कागदावर एकेक अक्षर काढून द्यायचा. "उद्या हे भरून आण, नाहीतर रजिस्टर देत नाही." तसं करत करत तिशीनंतर मी वाचायला लागलो आणि फोनच्या टेबलावर बसलो.

लेक चार वर्षांची असताना तिची आई गेली. त्यानंतर शाळा सुटली की ती घरी न येता दुकानात जायची. बाइंडरला मूलबाळ नव्हतं. त्याच्या बायकोने तिच्या वेण्या घातल्या, त्याने तिच्या वह्यांना पुठ्ठे घातले. ती त्यांना मामा-मामी म्हणायची. सख्ख्या मामाने केलं नसतं इतकं त्याने केलं.

पुढे ती कॉम्प्युटर शिकली आणि आमच्याच दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात लागली. हळूहळू रजिस्टरं बंद व्हायला लागली. "मीच पोरीला वाढवलं आणि पोरीने माझंच दुकान खाल्लं," असं बाइंडर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पण ते इतक्या कौतुकाने सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, दुकान गेलं ते बरंच झालं.

सोमवारच्या यादीचं काम तिच्याकडे आलं तेव्हा ती रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन दुकानातच बसायची. घरी मी रेडिओ लावतो आणि तिला त्याचा त्रास होतो. दुकानात फक्त दाभणाचा आवाज.

"नक्की काय करतेस, ते मला कळेल असं सांग," बाइंडर म्हणाला.

"मामा, नावं तीन ठिकाणांहून येतात. एक लॅबची, एक जुन्या रजिस्टरांवरून टाइप केलेली, आणि एक बाहेरच्या छोट्या दवाखान्यांची. ती तर तुकड्या-तुकड्यांनी येतात. तिन्ही ठिकाणी एका नावावरून पुढच्या नावावर जायची पद्धत वेगळी. आजपर्यंत ज्याने त्याने आपापला प्रोग्राम लिहिला आणि ज्याने त्याने आपापल्या चुका केल्या."

"मग?"

"मग मी एक पाया बनवतेय. आम्ही त्याला बेस क्लास म्हणतो. यादीवरून चालणाऱ्या बोटाला आम्ही इटरेटर म्हणतो. त्या बोटाला दोनच गोष्टी विचारायच्या. पुढे कोणी आहे का? आणि, पुढचं नाव दे. हे दोन प्रश्न पायाने सांभाळायचे. त्या पायावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामने एकच काम करायचं, आपल्या ठिकाणाहून पुढचं नाव उचलून आणायचं, नाहीतर 'संपलं' म्हणायचं. उद्या चौथ्या ठिकाणाहून नावं आली तरी एवढंच लिहायचं. बाकी सगळं तयार."

बाइंडरने खिळ्याला टांगलेली एक लोखंडी पट्टी काढली. तिच्यात ठरावीक अंतरावर भोकं होती. "ही बघ. रजिस्टर लहान असो की मोठं, दाभण कुठे घालायचं ते हीच ठरवते. बत्तीस वर्षं झाली. पण पोरी, एक वही चुकली तर एक वही चुकते. ही पट्टी चुकली तर सगळ्या चुकतात."

"म्हणून तर तीन आठवडे घालवतेय हिच्यावर. साहेब रागावलेत."

"रागावू दे. साहेबाला काय, घाईच असते."

तिने खरंच तीन आठवडे घालवले. एकदा रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, यादी संपली हे कसं ओळखायचं? मी आधी ठरवलं होतं, रिकामं नाव आलं की संपली समजायचं. मग लक्षात आलं, आपल्याकडे निनावी पेशंटही असतात. रस्त्यावरून आणलेले. त्यांचं नाव रिकामंच असतं. असा एक आला की यादी तिथेच थांबली असती आणि पुढच्या कुणालाच फोन गेला नसता."

"मग?"

"आता 'संपलं' यासाठी वेगळीच खूण केली. नाव नसलेला माणूस नुसता नाव नसलेला माणूस राहील."

मला तिचा इतका अभिमान वाटला की घास हातातच राहिला. ज्याला नावही नाही, त्याचाही तिने विचार केला होता.

शेवटी तिने तपासण्या केल्या. पाच नावांची यादी दिली, एका नावाची दिली, रिकामी दिली, मध्येच निनावी माणूस असलेली दिली. प्रत्येक वेळी विचारलं, पुढे कोणी आहे का? आणि आहे म्हटल्यावर नाव घेतलं. एकदा विचारायचं, एकदा घ्यायचं. सगळं बरोबर आलं. यादी पानांवर छापायचा प्रोग्राम तिच्या विभागातल्या दुसऱ्या एकाने लिहिला. त्याने तिचा पाया वापरला. साहेबांनी विभागात चहा पाजला.

बहुतेक सोमवारी यादीत वीस-बावीस नावं असायची. एका पानावर तीस मावतात. त्यामुळे एकच पान निघायचं.

सहा महिने झाले असतील. बाइंडरचा खोकला हटत नव्हता. खळ, कागदाचा भुगा, बंद खोली, त्यामुळे खोकला त्याचा जुनाच सोबती. पण मामीने हट्ट धरला आणि एका बुधवारी मी त्याला छातीचा फोटो काढायला घेऊन गेलो. काचेपलीकडच्या बाईने सांगितलं, "काही असलं तर सोमवारच्या यादीत नाव येईल. नसलं तर काही नाही समजा."

"म्हणजे हाच मला फोन करणार," बाइंडर माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाला. "बाई, याचा फोन आला तर मी उचलणारच नाही."

त्या सोमवारी यादी मोठी होती. प्रिंटरमधून दोन पानं आली. बाइंडरचं आडनाव वर्णमालेच्या अगदी टोकाचं. शाळेत हजेरीला शेवटचा, रेशनला शेवटचा, आमच्या यादीतही असला तर शेवटीच असणार. मी वरून सुरुवात न करता तळापासून बघितलं. पहिल्या पानावर तिसावं नाव दुसऱ्याच कुणाचं. दुसरं पान उलटलं. वर दवाखान्याचं नाव, तारीख, रकाने. खाली काही नाही. कोरं.

मी पुन्हा बघितलं. मग लेकीला वरच्या मजल्यावर फोन लावला.

"अगं, दुसरं पान नुसतं डोक्याचंच आलंय. खाली नाव नाही एकही."

"छपाईचं काहीतरी असेल बाबा. बघते सवडीने." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मामांचं?"

"नाही. नाही आलं."

"नक्की?"

"तीनदा बघितलं."

पलीकडून तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. "सुटलो बाबा. जा, आधी त्यांना सांगून या. फोन नका करू. फोन बघूनच मामा गार पडतील."

मी टेबल तसंच सोडून गेलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दुकानात शिरता शिरताच ओरडलो, "सुटलास लेका!"

बाइंडरने सुई टाक्यातच सोडली. "नाव नाही?"

"नाही."

"नीट बघितलंस? तुला वाचायला मीच शिकवलंय, म्हणून विचारतो."

"चल, मेल्या."

मामी आतून आली आणि पदराने डोळे पुसत तिथेच पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसली. बाइंडरने त्या दिवशी दुपारी दुकान बंद केलं. आम्ही तिघं नुसते बाहेरच्या पायरीवर चहा पीत बसलो आणि तो इतक्या नकला करत होता, की हसताना त्याला खोकल्याची उबळ आली. मी पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "हा खोकला आता तुझ्या जन्माचा. मरणाचा नाही."

हे वाक्य माझं आहे. मीच बोललो.

आठ महिन्यांनी खोकल्यातून रक्त आलं.

डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला थेट. तिने नवा फोटो लावला, मग पडद्यावर जुना काढला. जुन्या फोटोत उजव्या बाजूला वाटाण्याएवढा डाग होता. नव्यात तो ओळखू येत नव्हता, कारण सगळी बाजूच पांढरी झाली होती.

"तुम्ही तेव्हा का नाही आलात?" तिने विचारलं. "तेव्हा काढून टाकता आलं असतं हो हे."

"तेव्हा बोलावलंच नाही कुणी," बाइंडर म्हणाला.

तिने पडद्यावर बघितलं. "इथे तर 'कळवलं' अशी खूण आहे. तारीखही आहे." आणि ती माझ्याकडे बघायला लागली, कारण कळवायचं काम माझं, हे तिलाही माहीत होतं.

बाइंडरने माझ्याकडे बघितलंही नाही. ते जास्त लागलं.

मी जिना उतरून दप्तरखान्यात गेलो. जुन्या याद्यांची फाइल काढली. मला त्या वेळी स्वतःचीच शंका येत होती. नाव असेल, आपल्याला दिसलं नसेल. म्हातारपणी नजर चळते, मन हवं तेच वाचतं. तो सोमवार सापडला. बोट ठेवून एकेक नाव मोजलं. तीस. दुसरं पान कोरं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

ती दोन पानं घेऊन मी लेकीकडे गेलो. ती खुर्ची वळवून हसली. "बाबा, तुम्ही वर? काय म्हणाली डॉक्टरीण?"

मी सांगितलं. ऐकताना ती उभी राहिली. मग मी पानं तिच्या पुढ्यात ठेवली. पहिल्या पानाकडे तिने बघितलंच नाही. ती दुसऱ्या, कोऱ्या पानाकडे बघत राहिली.

"नाव नव्हतं तर पान का काढलं त्याने?" ती पुटपुटली. "पुढे कोणीतरी होतं म्हणूनच नवीन पान घेतलं ना."

तिने पडद्यावर तिचा तो पाया उघडला. मला त्यातलं काही कळत नाही. ओळी वर गेल्या, खाली गेल्या, आणि एका ठिकाणी थांबल्या. तिथे ती इतका वेळ बघत होती की शेजारच्या मुलाने विचारलं, काय झालं.

मला कळावं म्हणून तिने ते मला सांगितलं. आवाज एका सुरात, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतेय. "पुढे कोणी आहे का, असं विचारलं की माझा प्रोग्राम यादीतून पुढचं नाव उचलून हातात धरतो, आणि 'आहे' म्हणतो. मग 'दे' म्हटलं की हातातलं देतो. पण कुणी न घेताच दुसऱ्यांदा विचारलं, पुढे कोणी आहे का? तर हातात आधीच एक आहे, हे तो बघतच नाही. तो आणखी एक उचलतो. आधीचं खाली पडतं. छपाईचा प्रोग्राम पान भरलं की दोनदा विचारतो. एकदा, नवीन पान लागेल का म्हणून. आणि पान घेतल्यावर, ओळ छापायची का म्हणून. त्या सोमवारी एकतीस नावं होती. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मामा हातात आले. म्हणून पान काढलं. दुसऱ्यांदा विचारलं..."

तिने बोट त्या कोऱ्या पानावर ठेवलं.

"पण खूण? कळवल्याची?"

"यादी छापली की यादीतल्या सगळ्यांना खूण आपोआप पडते. एकतीस जणांना पडली."

शेजारचा मुलगा बाहेर गेल्यावर मी दार लोटलं. आणि जे दप्तरखान्यापासून वर येईपर्यंत ठरवलं होतं ते बोललो. "हे बघ, हे कुणाला सांगायचं नाही. मी सांगतो, माझ्याकडून फोन राहिला. निवृत्तीला चार महिने उरलेत माझे. मला काय करणार आहेत? तुझं आयुष्य पडलंय पुढे."

"आणि बाकीचे?"

"कोण बाकीचे?"

"ज्या ज्या सोमवारी तिसाच्या वर नावं होती, त्या प्रत्येक वेळी एक पडलंय बाबा. एकतिसावं. त्यांना कोण सांगणार?"

मला बाकीचे सुचलेच नव्हते.

तिने ती दुरुस्ती माझ्यासमोर केली. हातात आधीच कोणी असेल तर तोच दाखव, नवा उचलू नको. एवढंच. एक ओळ. मग चौदा महिन्यांच्या याद्या पुन्हा काढल्या. सात नावं निघाली. साहेब आले, त्यांनी ऐकलं, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "छपाईवाल्याने दोनदा विचारलं कशाला? चूक त्याची आहे, तुझी नाही."

"कितीही वेळा विचारू दे साहेब," ती म्हणाली. "नुसत्या विचारण्याने काही हलायला नको होतं."

बाकीच्या सहा जणांना मी त्याच दुपारी फोन लावले. ती माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून होती. एकजण गाव सोडून गेला होता, त्याचा नंबर तिने शोधून काढला. एका शिक्षिकेने तर मलाच झापलं, इतके महिने काय झोपा काढत होता का? मी हो म्हटलं. पुढे त्या सहाही जणांच्या तपासण्या झाल्या. पाच जणांचं काही नव्हतं. शिक्षिकेचं होतं, पण वेळेत सापडलं. देव करो आणि ती शंभर वर्षं जगो. तरी खरं सांगतो, तिचा निकाल ऐकला तेव्हा माझ्या मनात आलं, ती का आणि तो का नाही. असं मनात येऊ नये. पण आलं.

बाइंडरला सकाळीच भरती करून घेतलं होतं. संध्याकाळी आम्ही दोघं वॉर्डात गेलो. जिन्यात मी लेकीला पुन्हा विनवलं. ती पायऱ्या चढत राहिली. खिडकीजवळची खाट बाइंडरची. मामी त्याच्या पायांना तेल चोळत होती. मी लेकीच्या आधीच पुढे झालो.

"माझ्याकडून राहिलं रे," मी म्हटलं. "फोन करायचा राहिला. माझं चुकलं."

बाइंडरने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. त्याचा आवाज बसला होता. "खोटं बोलायची तुला सवय नाही टेलिफोन, उगाच प्रयत्न करू नकोस. तू फोन करणार होतास कशाला? तू तर स्वतः आलास धावत. नाव नाही म्हणून सांगायला."

"मामा," लेक म्हणाली, "नाव होतं. माझ्या प्रोग्रामने गाळलं."

मामीचा हात थांबला.

लेकीने सगळं सांगितलं. खाटेवर गोळ्यांची पाकिटं पडली होती, ती एकापुढे एक मांडून तिने दाखवलं, एक हातात कसं येतं आणि दुसरं उचलताना पहिलं कसं सुटतं. रडली नाही. मध्ये एकदा फक्त थांबली, घसरलेलं पाकीट सरळ केलं आणि पुन्हा सुरू केलं. कोऱ्या पानाबद्दल बाबांनी फोन केला होता आणि मी सवडीने बघते म्हणाले होते, हेसुद्धा तिने सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. ते आमच्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

बाइंडर पाकिटांकडे बघत होता. कारागीर माणूस. त्याला कळलं, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. मग तो म्हणाला, "दुरुस्त केलंस?"

"हो."

"किती वेळ लागला?"

ती पाकिटं गोळा करायला लागली.

"विचारतोय मी."

"एक ओळ होती मामा. पाच मिनिटं."

तो हसला की काय केलं मला सांगता येणार नाही. त्यातून खोकला सुरू झाला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मामीने तसराळं धरलं. खोकला शमल्यावर त्याने भिंतीकडे तोंड केलं. "जा आता तुम्ही," म्हणाला.

मामी आमच्या मागोमाग वॉर्डाच्या दारापर्यंत आली. मला वाटलं काही बोलेल. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, क्षणभर बघितलं, आणि हात काढून घेतले. "उद्यापासून तू येऊ नकोस गं," म्हणाली. "मला तुला शिव्या द्यायच्या नाहीत." आणि दार ओढून घेतलं. ज्या बाईने तिच्या वेण्या घातल्या होत्या, ती बाई.

लेक गेली नाही पुन्हा. मी जात होतो. मला कुणी नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. मी जायचो, उशी सरळ करायचो, पाणी भरून ठेवायचो. दोन-तीन दिवसांनी त्याची दाढी करायला लागलो. त्याला वाढलेली दाढी कधीच आवडायची नाही. आम्ही बोलायचो ते एवढंच. मान वर कर. इकडे वळ. लागलं का. नाही.

एकदा साबण पुसताना तो अचानक म्हणाला, "तिचं चुकलं ते मशीनमध्ये. ती मला तिथे बघत नव्हती, तिला नुसती नावं दिसत होती. तू तर मला बघत होतास ना रे? दर संध्याकाळी. माझं वजन उतरत होतं. जिना चढताना मी तीनदा थांबत होतो. तुला दिसत होतं."

"दिसत होतं."

"मग?"

"यादीत नव्हतं ना नाव. मला वाटलं, यादीला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

त्याने डोळे मिटले. "मलाही तसंच वाटलं," म्हणाला. "तीच तर गंमत आहे."

मी वस्तरा धुतला. धुताना मला पाण्यात काही दिसेना.

घरी गेल्यावर लेक रोज दारातच उभी असायची. "काही म्हणाले का?" रोज तोच प्रश्न. ती कामावर जात होती. साहेबांनी तिला काढलं नव्हतं, वर पत्र दिलं की चूक वेळेवर उघड केल्याबद्दल कौतुक. ते पत्र तिने डब्याखाली ठेवलं होतं, त्याला तेल लागलं. ती जेवायची नाही. रेडिओ मी बंद ठेवला होता, तरी ती म्हणायची, बाबा, जरा आवाज कमी करा ना.

"काही म्हणाले का?"

"आज झोपला होता."

"काही म्हणाले का?"

"आज बोलायची ताकद नव्हती त्याला."

एका शुक्रवारी मीच धीर केला. दाढी करून झाली होती, मामी औषध आणायला खाली गेली होती. मी विचारलं, "पोरगी रोज विचारते. तिला काय सांगू?"

त्याने दाढी केलेल्या गालावरून हात फिरवला.

"सांगण्यासारखं काही नाही अजून," तो म्हणाला. "राग आहे मला. फार राग आहे. तिच्यावर राग येतो म्हणून आणखी राग येतो. हा राग गेला की बोलेन तिच्याशी. खोटं नको सांगूस तिला. ती आली तेव्हा खोटं बोलली नव्हती."

"बरं."

"आणि मामीचं मनावर घेऊ नका. ती पोरीच्याच फोटोकडे बघत बसते घरी."

रविवारी पहाटे तो गेला. राग गेला होता की नाही ते मला माहीत नाही. मामी म्हणाली, शेवटी शुद्ध नव्हती.

सगळं आटोपून मी घरी आलो. लेक स्मशानात आली नव्हती, मामी तिथे असेल म्हणून. ती आमच्या दाराच्या पायरीवर बसली होती, हात गुडघ्यांभोवती, लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसायची तशी. मला बघून उठली नाही.

"बाबा, काही म्हणाले होते का? शेवटी?"

येताना सबंध रस्ता मी तयारी केली होती. माफ केलं म्हणाला. आठवण काढत होता म्हणाला. कुणाला कळणार होतं? मामी सांगणार नव्हती, आणि तो तर गेलाच होता. दोन शब्दांत पोरीचं जेवण सुरू झालं असतं, झोप सुरू झाली असती. ते दोन शब्द अगदी जिभेवर होते. असेच दोन शब्द घेऊन मी एकदा एका सोमवारी धावत गेलो होतो.

मी तिच्या शेजारी बसलो. "शुक्रवारी म्हणाला, राग आहे. राग गेला की बोलेन तिच्याशी."

"मग?"

"मग बोलायला मिळालं नाही."

तिने मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. "बोलणार होते," ती म्हणाली.

"असं म्हणाला होता."

"तुम्ही खरं सांगताय ना?"

"हो."

मग ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काहीही म्हटलं नाही, कारण म्हणण्यासारखं जे जे होतं त्यातलं काहीच खरं नव्हतं.